वाचती की राहाती

आमच्या घरात ‘लव्हाळा’ हे कौतुक होतं आणि ‘निवडुंग’ ही शिवी. नवी सून चार माणसांत खालमानेनं वावरली की आजी म्हणायची, “पोर लव्हाळ्यासारखी आहे हो, टिकेल.” आणि माझी आत्या खोलीचं दार लावून आत गेली की हीच आजी त्या बंद दाराकडे हात करायची. “हा आमचा निवडुंग.” मी सहा-सात वर्षांची असेन. निवडुंग ओळखीचा होता, घरामागच्या टेकडीवर तोच तर होता. लव्हाळा पाहिलेला नव्हता. तो मोरपिसासारखा मऊ, देखणा असणार अशी माझी समजूत. पुढे कुणीतरी ओढ्याकाठी तो दाखवला तेव्हा माझा अगदी विरस झाला. हे तर गवत!

ते गवतही नव्हे, हे कळायला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष उजाडावं लागलं. त्यानंतर बत्तीस वर्षं मी बँकेत व्हाउचरं तपासली, त्यामुळे माझ्या वनस्पतिशास्त्राचा फार भरवसा धरू नये. पण निवृत्तीनंतर कपाटातून कॉलेजातलं दहापट मोठं दाखवणारं भिंग निघालं, आणि डोक्यात पहिला विचार आला तो या दोघांचाच. कौतुक आणि शिवी, दोन्ही एकदा नीट बघून घ्यावीत.

आजीला लव्हाळा कुठे भेटला ते पुण्यातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर चालून आलं आणि १८७९ पासून उभं असलेलं खडकवासल्याचं दगडी धरणही त्याच दिवशी गेलं. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. वाडा मातीच्या भिंतींचा. पाण्यानं भिंत पाडली असं आजी कधी म्हणाली नाही, ती म्हणायची, “भिंत विरघळली.” साखरेसारखी. आजोबा, माझे वडील आणि एकवीस वर्षांची आत्या, सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या दिशेनं गेले. आजीनं निघताना देवघरातला बाळकृष्ण आणि शेगडीवरची आमटी एवढंच उचललं. आमटी का, असं आम्ही दरवेळी विचारायचो. “गरम होती,” ती म्हणायची.

चौथ्या दिवशी ती एकटीच घर बघायला परत आली. घर नव्हतंच, म्हणून नदीकडे उतरली. काठावरची मोठी झाडं मुळांसकट आडवी, काही तर दिसेनाशीच झालेली. आणि त्या चिखलात लव्हाळा उभा. “केस विंचरल्यासारखा एका बाजूला कललेला, पण उभा.” इथे आजी थांबायची, आम्हाला तुकोबांचा तो चरण म्हणायला लावायची. महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती.

आम्हाला सहकारनगरात घर मिळालं. म्हणजे नदी सुटली आणि टेकडी आली. तळजाई आणि पर्वतीच्या मधला तो उतार तेव्हा ओसाडच होता म्हणे. खडक, कुसळी गवत आणि निवडुंग. एका पुरानं आम्हाला लव्हाळ्याच्या मुलखातून उचलून निवडुंगाच्या मुलखात आणून टाकलं. पण आजी मनानं नदीकाठीच राहिली. तिच्या सगळ्या उपमा ओल्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेला. ही बातमी दरवर्षी असते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल बुडतो आणि निम्मं पुणं छत्री घेऊन ते बघायला जातं. मी पाणी ओसरल्यावर गेले. ओंकारेश्वराच्या बाजूनं काठावर उतरले, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात चपला. काठाला लव्हाळा होता. प्रत्येक ताटाला प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या अडकलेल्या, सगळे एका दिशेला झोपलेले. म्हटलं, आजीची साक्ष खरी आहे.

पण थोडं पुढे गेल्यावर काठाचा एक मोठा लचका तुटलेला दिसला. तिथला लव्हाळा मातीसकट गेला होता. गठ्ठेच्या गठ्ठे खाली एका दगडाला अडकून पडले होते, मुळं वर, पाती खाली. वाकायची कला त्यांनाही येत असणारच. ते काही ताठ उभे राहिले म्हणून गेले नाहीत. खालची माती गेली, ते गेले.

एक ताट तोडून घेतलं. लव्हाळ्याचं खोड बोटांत धरून फिरवलं की ते गरगर फिरत नाही, तीन वेळा अडखळतं. तिधारी असतं. गवताचं खोड गोल, बहुधा पोकळ आणि पेरापेरांचं. लव्हाळ्याचं भरीव, आणि बुंध्यापासून तुऱ्यापर्यंत एकही पेर नाही. गवताची पानं दोन ओळींत निघतात, याची तीन ओळींत. परीक्षेत हा फरक लिहून मी पाच मार्क मिळवले होते, पण तो बोटांना कळला तो त्या दिवशी. या कुळात पाच हजारांहून जास्त जाती आहेत. ज्याच्या खोडाच्या पट्ट्यांवर जुन्या इजिप्तमध्ये लिहीत, तो पपायरस याच्याच सख्ख्या गोतातला. पाण्यात पाय बुडवून राहणाऱ्या जातींच्या खोडात हवेच्या नळ्या असतात. चिखलात रुतलेल्या मुळांना श्वास मिळत नाही, म्हणून वरची हवा या नळ्यांतून खाली पोचवली जाते.

आणि फूल? लव्हाळ्याला फूल येतं का, असं शंभर माणसांना विचारलं तर नव्वद जण नाही म्हणतील. येतं. तुऱ्यातली ती तांबूस-तपकिरी बारीक कणसं भिंगाखाली धरली की दोन ओळींत बसवलेले खवले दिसतात, आणि एकेका खवल्याच्या कुशीत एकेक फूल. पाकळी नाही, रंग नाही, वास नाही, मध नाही. तीन पुंकेसर आणि तीन शेंड्यांची एक कुक्षी. वाऱ्याच्या भरवशावर संसार, तेव्हा नटायचं कुणासाठी?

आता एक अडचण कबूल करायला हवी. मराठीत लव्हाळा हा शब्द एका झाडाचा नाही. नदीकाठच्या उंच तिधारी जातींना लव्हाळा म्हणतात आणि शेतातल्या वीतभर तणालाही लव्हाळाच म्हणतात. शेतातला तो सायपेरस रोटुंडस, मोथा. तुकोबांच्या डोळ्यांपुढे इंद्रायणीकाठचा कुठला होता हे कोण सांगणार? पण देहूला त्यांची शेतीही होती. तेव्हा दुसराही त्यांनी बघितला असणार, आणि हात दुखेपर्यंत उपटलाही असणार.

उपटण्यावरून मामा आठवले. माझे मामा यवतचे. कांदा, थोडा ऊस. गळ्यात तुळशीची माळ. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला असते त्या रात्री गावात पिठलं-भाकरी रांधली जाते, तेव्हा मामांच्या घरची चूलही पहाटेपर्यंत विझत नाही. अशा माणसापुढे मी एकदा लव्हाळ्याच्या नम्रतेचं कौतुक करून बसले. मामा खुरपं खाली ठेवून हसायलाच लागले. “तुकोबांचं बरोबरच आहे. पण तू ये की जरा आमच्या कांद्यात.”

हराळी, कुंदा आणि लव्हाळा. शेतकऱ्याची झोप घालवणारी ही तीन नावं. मामांनी मला लव्हाळा उपटायला लावला. हातात पात आली, आणि खालची गाठ जमिनीतच राहिली. “आता हिचे चार होतील,” मामा म्हणाले. त्यांनी कुदळीनं खोल उकरून दाखवलं तेव्हा ते दिसलं: एका गाठीतून काळी दोरी निघते, तिच्या टोकाला दुसरी गाठ, तिच्यातून पुन्हा दोरी, पुन्हा गाठ. एखादी माळ पुरून ठेवल्यासारखी. बी धरण्याची या लव्हाळ्याला फारशी फिकीर नसते. त्याचा विस्तार या गाठींवर चालतो. नांगर फिरवला की माळ तुटते, आणि तुटली की प्रत्येक मणी स्वतंत्र रोप होतो. तणनाशक मारलं की वरचं जळतं, खालच्या गाठी झोपून राहतात. मामांनी एका वर्षी वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरला. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो. तो प्लॅस्टिक भोकसून वर आला.

नम्रतेचं प्रतीक प्लॅस्टिक फाडून वर येतं, हे मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती पेपर वाचत होती. “मग?” म्हणाली. “तुला काय वाटलं, आई नम्र होती?”

त्यावर पुढे येते. आधी ते दोन शब्द. परवा गाथा काढून बसले होते. आपल्या तोंडी ‘वाचती’ रुळलं आहे. गाथ्यात ‘नीचपण बरवे देवा’ या अभंगात तो चरण ‘तेथे लव्हाळे राहाती’ असा सापडला. राहाती! एका क्रियापदाचा फरक. वाचणं हे नशीब असतं, पुराच्या त्या एका दिवसापुरतं. राहणं हे रोजचं काम. मला ‘राहाती’ जास्त पटतं, आणि मामांच्या कांद्यात एक दिवस खुरपल्यावर तर फारच पटतं. लव्हाळा वाकतो ते आपल्याला काठावरून दिसतं, म्हणून आपण त्याचा धडा केला. त्याची सगळी पुंजी जमिनीखाली, गाठी बांधून ठेवलेली असते. वरचं वाकलं काय, तुटलं काय, त्याला फारसा फरक पडत नाही. (त्याच गाठी सुगंधीही असतात. दिवाळीच्या उटण्यात वाळा आणि आंबेहळदीसोबत नागरमोथा असतो, तो याच गोतातल्या झाडाच्या गाठी. वर्षभर ज्याला शिव्या घालायच्या, त्यालाच नरकचतुर्दशीला अंगाला लावायचं.)

आता शिवी.

सहकारनगरच्या घरामागे जो निवडुंग होता तो वई निवडुंग. वई म्हणजे कुंपण, शेताला कुंपण म्हणून लावतात तो. मराठीनं इथेही एकाच टोपलीत सगळं भरलंय. पसरट फड्यांचा, पिवळ्या फुलांचा आणि लाल बोंडांचा तो फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा, कॅक्टसच्या कुळातला. वई निवडुंग युफोर्बियाच्या कुळातला, म्हणजे एरंडाचा भाऊबंद. दोघांचं रक्ताचं नातं काही नाही. रखरखीत जागी राहायचं तर काय करावं लागतं याचं उत्तर दोन वेगळ्या खंडांत दोन वेगळ्या कुळांनी सारखंच काढलं, म्हणून चेहरेपट्टी जुळली. ओळखायचं सोपं: ओरखडा काढला आणि पांढरा चीक आला तर युफोर्बिया. मात्र तो हात डोळ्याला लावू नये. तो चीक डोळ्यात गेला तर दिवस-दिवस उघडत नाही. आणि हाच चीक, हळद आणि आघाड्याचा क्षार यांची पुटं दोऱ्यावर चढवून वैद्य क्षारसूत्र करतात, भगंदरासाठी. संस्कृतात त्याला स्नुही म्हणतात.

फड्या निवडुंगाची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. लाल रंग देणारे किडे पोसायचे म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, ब्राझीलहून किडे आणले. किडे चुकीचे निघाले. रंग यथातथाच, भूक मात्र अफाट; त्यांनी निवडुंगच फस्त करायला सुरुवात केली. शेवटी लोक तेच किडे निवडुंग संपवायला वापरू लागले. चुकून आलेल्या पाहुण्यानं घराची साफसफाई करावी तसं.

तर वई निवडुंग. याला पानं असतात हे किती जणांना माहीत आहे? पावसाळ्यात टेकडीवर जाऊन बघा. काटेरी खोडांच्या शेंड्यांना चांगली हातभर नाही तरी वीतभर, मांसल, गर्द हिरवी पानं. इतकी की काटे झाकले जातात. पाऊस संपला की ती गळतात, आणि मग वर्षभर आपण ज्याला निवडुंग म्हणतो तो सापळा उरतो. थंडी सरता सरता त्याला फुलं येतात, हिरवट-पिवळी, लालसर झाक असलेली, मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी. मी भिंग घेऊन गेले तर तिथेही फसवणूक निघाली! जे एक फूल वाटतं ते फूल नव्हेच. ती एक वाटी आहे. तिच्यात मधोमध एक मादीफूल, भोवती पुष्कळ नरफुलं, आणि प्रत्येक नरफूल म्हणजे फक्त एक पुंकेसर. वाटीच्या काठावर मधाच्या ग्रंथी, त्यांवर मुंग्या आणि माश्या.

म्हणजे लव्हाळ्याचं फूल दिसत नाही म्हणून आपण नाही म्हणतो, आणि निवडुंगाचं एक दिसतं तिथे अख्खी वसाहत असते. चिखलात एकानं झाकून ठेवायचं, खडकावर दुसऱ्यानं बेमालूम एकत्र करून दाखवायचं. मला दोघांचंही हसू आलं. टेकडीवर फिरायला येणारे एक काका जवळ येऊन विचारू लागले, “ताई, काही हरवलंय का?”

पण खरी गंमत फुलांत नाही, श्वासात आहे. झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर छिद्रं उघडावी लागतात. छिद्रं उघडली की आतलं पाणी बाहेर उडतं. एप्रिलमध्ये तळजाईच्या खडकावर दुपारी छिद्रं उघडणं म्हणजे दिवाळं. निवडुंगाचं खोड म्हणून दिवसभर दारं बंद ठेवतं आणि रात्री उघडतं. रात्री आत घेतलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतं. मॅलिक आम्ल म्हणजे कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा. दिवसा दारं लावून, आतल्या आत, ते साठवलेलं उन्हाच्या मदतीनं वापरतं.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? बेंजामिन हाइने नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात होता. आपल्या बाल्कन्यांत असते त्या पानफुटीचं पान त्यानं सकाळी चावलं तर आंबट लागलं, दुपारी बेचव. दिवस चढेल तसा आंबटपणा जातो हे त्यानं लिहून कळवलं आणि १८१५ च्या सुमारास ते लंडनमध्ये छापून आलं. मी करून बघितलं. पहाटे साडेपाचला पानफुटीच्या पानाचा कोपरा चावला: चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी आंबट. दुपारी दोनला त्याच पानाचा दुसरा कोपरा: नुसता ओला कागद. (निवडुंगावर मात्र हा प्रयोग करू नये, चीक आठवा.)

लव्हाळ्याची तऱ्हा याच्या उलट आणि तरीही चमत्कारिकरीत्या सारखी. मोथा रणरणत्या उन्हातला कामगार. तोही कार्बन आधी आम्लाच्या रूपातच पकडतो, तशाच चार कार्बनांच्या आम्लाच्या. पण तो रात्रीची वाट बघत नाही. पानाच्या बाहेरच्या पेशीत पकडतो आणि शिरेभोवतीच्या आतल्या पेशीत लगेच पोचता करतो. म्हणून ऊस, मका, ज्वारी यांच्यासारखा तो उन्हात झपाट्यानं वाढतो. एकच युक्ती. लव्हाळा माल या खोलीतून त्या खोलीत देतो, निवडुंग रात्रीतून दिवसात. हे कळलं त्या दिवशी मला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि घरात फक्त दूधवाला होता.

आत्या १९६३ साली टेलिफोन खात्यात लागली. ट्रंक ऑपरेटर, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून देणारी. लग्न होऊन आठ महिन्यांत ती परत आली होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि कुणाची विचारायची छाती झाली नाही. तिनं रात्रपाळी मागून घेतली. सकाळी सातला यायची, चहा घ्यायची, खोलीचं दार लावायची, खिडकीला जाड पडदा, आणि दुपारी चारपर्यंत घरात कुणी भांडं पाडलं तर खैर नाही. सणवार, हळदीकुंकू, पाहुणे, सगळं दिवसा. ती कशातच नसायची. म्हणून निवडुंग.

मी विचारलं, “रात्री काय असायचं गं तिथे?”

“अगं, रात्री सगळ्यांना बोलायचं असतं. दर कमी असायचे ना.” मग थोडं थांबून, “पुणं-नागपूर लावून द्यायचे. तिकडून हॅलो ऐकू आलं की आपण बाजूला व्हायचं. कधी लाइन तुटायची तर मीच मध्ये बसून निरोप पोचवायचे. मुलगा झाला म्हणून सांगा, शेवटची घटका आहे म्हणून सांगा. रात्रीतून शंभर घरांत जाऊन यायचे मी. मग सकाळी कुणाशी बोलायचं?”

मी पानफुटीबद्दल काही बोलले नाही. माणसांना झाडांच्या मापात बसवायचा आजीचा रोग मलाही लागलाय, तो निदान तिच्यासमोर तरी दाखवू नये.

आता ते, आजी नम्र होती का. पुरानंतर आजोबा खचले. अर्ज, पंचनामे, रांगा हे सगळं आजीनं केलं, प्रत्येक खिडकीसमोर “साहेब, आम्हाला काय कळतंय” अशी सुरुवात करून. तिच्या त्या खालच्या आवाजाला फशी पडलेले कारकून कमी नसतील. १९९९ मध्ये ती गेली. तेराव्यानंतर तिची ट्रंक उघडली, तर तळाशी जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं, त्याच्या आत दुसरं, आणि त्यात कागद. १९७४ साली तिनं घराचा अर्धा हिस्सा आत्याच्या नावे करून ठेवला होता. आजोबांची सही घेऊन, रीतसर नोंदवून. पंचवीस वर्षं घरातल्या एकालाही पत्ता नव्हता, आत्यालाही नाही. त्या पंचवीस वर्षांत ती रोज त्या बंद दाराकडे हात करून “हा आमचा निवडुंग” म्हणतच होती. माझ्या काकांनी ते कागद तीन वेळा वाचले. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

आजी दरवर्षी पालखीला जायची. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. माउलींची भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या. लव्हाळ्याचा अभंग लिहिणाऱ्याचा मुक्काम निवडुंगाच्या नावाच्या विठ्ठलाकडे, हे आजीला कधी खटकलं कसं नाही, याचं मला आता नवल वाटतं. मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली म्हणून ते नाव, असं सांगतात. पुण्यात देवांना पासोड्या आणि खुन्या अशीही नावं आहेत, त्या मानानं निवडुंग्या फार सभ्य. आज त्या गल्लीत निवडुंगाचं रान होतं हे सांगून खरं वाटायचं नाही. सायकलींची आणि हार्डवेअरची दुकानं, वायरींचं जाळं, आणि पालखीच्या दिवशी चेंगरून निघावं अशी गर्दी. पण कधीकाळी पेठेची हद्द संपून इथे माळ सुरू होत असणार, आणि माळ म्हटल्यावर निवडुंग आलाच.

आजीनंतर आत्या जायला लागली. देवाधर्माची तिला फारशी हौस नाही. “आई जायची म्हणून,” एवढंच कारण. यंदा ती पंचाऐंशीची, गुडघे चालत नाहीत, तेव्हा मी एकटी गेले. पावसात दोन तास रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे परभणीकडच्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस. मी त्यांना विचारलं, “तुमच्याकडे शेतात लव्हाळा आहे का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की देवळाच्या रांगेत मी अपशब्दच उच्चारला. “बाई गं, त्याचं नाव नका काढू.”

प्रसाद घेऊन सहकारनगरला पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आत्या बाल्कनीत बसली होती. तिथे तिचा एक वई निवडुंग आहे, टेकडीवरून आणलेली फांदी, तीस वर्षांपूर्वीची. पावसाचे दिवस, त्यामुळे शेंड्यांना पानांचे झुबके आलेले. आणि त्याच कुंडीत, खोडाला अगदी चिकटून, लव्हाळ्याची सहा-सात पाती. मागच्या महिन्यात कुंडीत नवी माती घातली होती, यवतच्या शेतातली. मामांनी पोतं भरून दिली होती.

माझा हात आपोआप गेला. पात उपटली. अर्थात गाठ आली नाही. मी उकरायला काडी शोधू लागले, तशी आत्यानं प्रसादाचा द्रोण मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “राहू दे गं. जाईल ऊन पडलं की, परत येईल पावसात. तू फक्त त्याच्यापायी कुंडीला पाणी घालत बसू नकोस.”